तळ्यावरचं हळदी-कुंकू

संक्रांत आली की आपल्याकडे हळदी-कुंकवाची धांदल सुरू होते. वाण काय लुटायचं, कुणाला बोलवायचं, कुणी राहिलं तर नाही ना! त्याच दिवसांत आपल्या तळ्यांवरही एक हळदी-कुंकू चालू असतं, हे किती जणींना ठाऊक आहे? आपल्याकडच्या एका रानबदकाचं नावच 'हळदी-कुंकू' आहे. काळी चोच, चोचीच्या टोकाला पिवळाधमक रंग आणि कपाळाशी, चोचीच्या मुळाजवळ, दोन लाल ठिपके. अंगावर खवल्याखवल्यांची तपकिरी नक्षी, पाय शेंदरी. हे नाव पुस्तकी नाही. तळ्याकाठी राहणाऱ्या, रोज पाहणाऱ्या कुणीतरी ते ठेवलेलं असणार. माझ्या मनाला विचाराल तर, ती बाईच असणार!

जालना म्हटलं की लोकांना स्टील, बियाणं, मोसंबी आणि दुष्काळ आठवतो. पक्षी कुणाला आठवत नाहीत. पण शहराचा मोती तलाव, कुंडलिका नदीवरचा निजामाच्या काळातला घाणेवाडी तलाव, अंबड-घनसावंगी-परतूरकडची गोदावरी आणि गावोगावचे पाझर तलाव हिवाळ्यात पाहुण्यांची वाट पाहत असतात. थोडं पुढं गेलं की पैठणचा नाथसागर. तो तर 1986 पासून पक्षी अभयारण्यच आहे.

बचत गटाच्या कामासाठी मी खेडोपाडी फिरते. तळं दिसलं की बायका म्हणतात, "ताई, ती बघा बदकं." पाण्यावर तरंगेल ते बदक, असा आपला सरसकट हिशोब! पण ओळखायची सोपी रीत आहे. आधी पक्षी पाण्यात काय करतो ते बघा. डोकं पाण्यात आणि शेपूट वर करून खाणारी, आणि उडताना पाण्यावरून सरळ वर झेपावणारी, ती उथळ पाण्यातली बदकं. पूर्ण बुडी मारून दुसरीकडे वर येणारी आणि उडण्याआधी पाण्यावर धावणारी, ती बुडी मारणारी बदकं. लालसरी त्यातली.

मग चोच बघा. चोच उलथन्यासारखी रुंद असेल तर तो थापट्या. पाणी गाळून त्यातले बारीक किडे, बिया तो खातो, जणू चाळण घेऊनच फिरतो. शेपटी लांब, टोकदार आणि मान उंच असेल तर तलवार बदक. डोळ्यावर पांढरी, ठळक भुवई असेल तर भुवई बदक. अंग केशरी-तपकिरी, डोकं फिकट आणि जोडीजोडीनं राहणारा तो चक्रवाक. रात्री ताटातूट होणारी म्हणून जुन्या काव्यात जिचा उल्लेख येतो, ती चक्रवाक-चक्रवाकीची जोडी हीच.

काळा कुळकुळीत, कपाळावर पांढरा टिळा लावून घोळक्यानं चाललेला पक्षी मात्र बदक नव्हे. त्याचं नाव वारकरी. आणि चाहूल लागताच टुबकन बुडी मारणारी मुठीएवढी टिबुकली, तीही बदक नव्हे.

माद्यांची गोष्ट मला फार आवडते. नर रंगीत, मादी मातकट, म्हणून ती ओळखू येत नाही अशी तक्रार सगळेच करतात. पण ती जमिनीवर, गवतात घरटं करून एकटीनं अंडी उबवते. रंगीत असती तर कोल्ह्याला सापडली असती. तिचा साधेपणा हे पिल्लांचं संरक्षण आहे. गंमत म्हणजे विणीनंतर नरांचीही रंगीत पिसं झडतात आणि तेही मादीसारखेच दिसू लागतात. म्हणून ऑक्टोबरात आलेले थवे ओळखायला अवघड जातात. जानेवारीत रंग भरतात. मादी ओळखायची तर तिच्या रंगावर जाऊ नका. चोचीचा आकार बघा, आणि तिच्यासोबत कोण आहे ते बघा.

आता कुणी म्हणेल, एवढं ओळखून करायचं काय? सांगते. आमच्या गटातल्या एका ताईनं तळ्याच्या गाळपेऱ्यात हरभरा केला होता. पाखरं कोवळे शेंडे खाऊन जायची. घरात ठरलं, फासे लावायचे. आम्ही दोघी-तिघी तळ्यावर दोन दिवस पहाटे जाऊन बसलो. हरभऱ्यात उतरत होता तो फक्त पट्टकादंब, म्हणजे पांढऱ्या डोक्यावर दोन काळे पट्टे असलेला रानहंस. थापट्या, तलवार, वारकरी यांपैकी कुणी शेताकडं फिरकतही नव्हतं. फासा लावला असता तर त्यात कुणीही सापडलं असतं. ताईंनी मग कडेनं चमकीच्या पट्ट्या बांधल्या, आणि पहाटे व तिन्हीसांजेला राखण ठेवली. नुकसान पूर्ण थांबलं नाही, पण पीक हाती आलं. आणि फासे लागले नाहीत. तसंही रानपक्षी पकडणं, मारणं 1972 च्या वन्यजीव कायद्यानं गुन्हाच आहे. कुणी जाळी लावताना दिसलं तर वनविभागाच्या 1926 या क्रमांकावर कळवता येतं.

हा पट्टकादंब तिबेट-मंगोलियाकडून हिमालय ओलांडून येतो. मंगोलियात मानेला पट्टा घातलेले कादंब आपल्या विदर्भातल्या तलावांवर दिसले आहेत. इतक्या लांबून यायचं आणि तळं कोरडं! 2012-13 च्या दुष्काळात जालन्यात माणसांनाच पाणी नव्हतं, पाखरांना कुठून असणार? शहरातले लोक एकत्र आले, घाणेवाडीचा गाळ काढला. तळ्यात पाणी राहिलं तर आपला हंडा भरतो आणि पाखरांचंही भागतं. मात्र काठाचा थोडा उथळ भाग, थोडं गवत राहू द्यायला हवं. बदकांचं ताट तिथंच मांडलेलं असतं.

मैत्रिणींनो, दुर्बीण नसली तरी चालेल. सकाळी लवकर, सूर्य पाठीशी ठेवून, मातकट रंगाची साडी नेसून, गडबड न करता बसा. मुलांना वही द्या. दिवस, तळ्याचं नाव, पक्षी, किती, एवढंच लिहायचं. पाणपक्ष्यांची अशी मोजणी 1987 पासून दर जानेवारीत आशियातल्या अनेक देशांत होते. आपल्याकडे 5 ते 12 नोव्हेंबर पक्षी सप्ताह असतो. मारुती चितमपल्ली आणि सलीम अली यांच्या जन्मदिवसांना जोडणारा तो आठवडा. चितमपल्लींनी तर पक्ष्यांची लोकांच्या तोंडची नावं आयुष्यभर गोळा केली.

तेव्हा सासूबाईंना, आजीला विचारा, तुमच्या गावात या पाखराला काय म्हणतात? तेही वहीत लिहून ठेवा. ज्याला नाव असतं, तो नाहीसा झाला तर निदान कुणाच्या तरी लक्षात येतं.