ढिवरासोबत तळ्यावर

रायपूरच्या पंडरीहून महामार्गाला लागलं की राजनांदगाव, देवरी मागे टाकत गाडी कोहमाऱ्याला येते. तिथून दक्षिणेला वळलं की नवेगावबांधचा मुलूख. राज्य बदललेलं असतं, तळी मात्र तीच. रायपूर आणि भंडारा १९५६ पर्यंत एकाच राज्यात होते. दोन्हीकडे मालगुजारी, दोन्हीकडे धान, आणि धानासाठी बांधलेले तलाव. त्यांत मासे धरणाऱ्यांना तिकडे ढीमर, केवट म्हणतात, इकडे ढिवर. मुलाबाळांना घेऊन एखादा दिवस गळ टाकून बसायची हौस असेल, तर यांच्यापैकी कुणाला तरी सोबत घ्यावं आणि पाण्यावर त्याचाच शब्द शेवटचा मानावा, असं मला मनापासून वाटतं.

नवेगावचा बांध अठराव्या शतकाच्या सुरुवातीला कोलू पाटील कोहळी यांनी घातला. भोवतीच्या टेकड्या म्हणजे सात बहिणी, आणि बांध घालणाऱ्या कोलू पाटलांना लोकांनी कोलासुर म्हणून देवपण दिलं. मारुती चितमपल्लींनी वनाधिकारी म्हणून इथे वर्षं काढली. त्यांच्या लेखनातलं कितीतरी पाणी याच तळ्याचं आहे. पूर्व विदर्भात लहानमोठे असे सहा हजारांवर तलाव आहेत. १९५१ मध्ये मालगुजारी गेली, तलाव सरकारजमा झाले. कागदावर ते ‘माजी मालगुजारी’ आणि बोलण्यात ‘मामा तलाव’ झाले.

नवेगाव-नागझिरा हा २०१३ पासून व्याघ्रप्रकल्प आहे, त्याच्या हद्दीत गळ टाकायचा विचारही करू नये. आपण जायचं ते एखाद्या गावच्या मामा तलावावर, जिथे ढिवरांच्या मच्छीमार सहकारी संस्थेने मासेमारीचा ठेका घेतलेला असतो. संस्थेची परवानगी काढायची, ठरतील ते पैसे द्यायचे आणि उजाडता उजाडता तळ्याच्या पाळीवर हजर व्हायचं.

आम्ही गेलो तेव्हा पावसाळा सरला होता. सोबतच्या ढिवरकाकांनी डोंगा पाण्यात ढकलण्याआधी बराच वेळ नुसतं तळं न्याहाळलं. बारीक बुडबुड्यांची माळ वर आली, की तळाशी चिखल उकरत मृगळ चालला आहे. एकदाच ‘गप’ असा आवाज होऊन पाणी वळसा घेतं, तिथे मरळ. मरळीचं नुसत्या कल्ल्यांवर भागत नाही, थोड्या थोड्या वेळाने वर येऊन हवा गिळावीच लागते. त्यामुळेच आटत्या तळ्याच्या चिखलातही ती तग धरते, आणि त्यामुळेच जाणत्याला तिचा ठिकाणा कळतो.

गरीची काठी बांबूची. दोरीला मोरपिसाच्या देठाचा बोटभर तुकडा बांधलेला, तो पाण्यावर उभा तरंगतो. तो थरथरला की मुलगी लगेच काठी उचलायची. “थांब नं बाई, तो चाखून राह्यला,” काका म्हणायचे. थरथर म्हणजे मासा गांडुळाला नुसता टोचतो आहे. देठ आडवा होऊन एका बाजूला सरकू लागला, की मग झटका. पहिला रोहू लागला तेव्हा तिने काठी दोन्ही हातांनी धरली होती आणि काकांनी तिच्या हाताला हातही लावला नाही.

कमळपानांच्या कडेला तांबूस-नारिंगी पिलांचा एक पुंजका पाण्यावर सरकत होता. मरळीची पिलं. त्यांच्या खालीच आईबाप राखणीला असतात आणि जवळ येईल त्याच्यावर धावून जातात. आमिष दिसलं की हमखास लागतात, म्हणून नवख्याला गळ नेमका तिथेच टाकावासा वाटतो. “इथं नका टाकू जी, पिल्लं हायेत,” एवढं म्हणून काकांनी डोंगा वळवला. आईबाप उचलले, तर बगळे आणि मोठे मासे त्या पुंजक्याचा फडशा पाडतात.

यात माया आहे, तसा हिशेबही आहे. रोहू, कतला, मृगळ यांना अंडी घालायला पावसाळ्यातली वाहती नदी लागते. साचलेल्या तळ्यात ते वीत नाहीत. १० जुलै १९५७ रोजी ओडिशातल्या अंगुळ इथे डॉ. हिरालाल चौधरी यांनी पीयूषिका ग्रंथीचा अर्क टोचून या जातीच्या माशांकडून अंडी मिळवली, आणि मत्स्यबीजाचा मार्ग मोकळा झाला. हा दिवस राष्ट्रीय मत्स्यशेतकरी दिन म्हणून पाळतात तो त्यामुळे. संस्थांचं उत्पन्न बरंचसं या बिजावर चालतं, पण ते विकत घेऊन सोडावं लागतं. मरळ, शिंगी, मांगूर तळ्यातच वितात, बिजाचा खर्च नाही, आणि मरळीला भावही चढा मिळतो.

मात्र त्यांना पाणवनस्पतींचा आडोसा लागतो. खोलीकरणाच्या नावाखाली यंत्राने तळ सरसकट खरवडला की कंद, बिया त्या मातीबरोबर जातात. काठाने बेशरमाची झुडपं माजतात. बाहेरून आणून सोडलेला गवत्या मासा उरलेली पाणवेल खाऊन टाकतो. अर्जुनी मोरगावचे पतिराम तुमसरे आणि भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळाचे मनीष राजनकर यांनी या दुखण्यावर ढिवरांच्याच माहितीतून उपाय काढला. उन्हाळ्यात बेशरम मुळासकट उपटायची, कोरड्या पोटात नांगर घालायचा, आणि पावसाचं पाणी साचलं की हायड्रिला, व्हॅलिस्नेरिया, कमळं पुन्हा लावायची. त्यात ढिवर बायकांचे बचत गटही उतरले. अशा तळ्यांत देशी मासे परतले, पाठोपाठ पक्षी आले. कोट्यवधींच्या योजनांपेक्षा हे काम मला मोठं वाटतं, कारण तळ्याच्या पोटात काय उगवतं हे ठाऊक असलेल्यांनी ते केलं.

दुपारी संस्थेच्या काट्यावर आमचे रोहू तोलले आणि संस्थेच्या दराने आम्ही ते विकत घेतले. काकांची मजुरी वेगळी. पर्यटनस्थळावरच्या नौकेच्या तिकिटाशी तिची तुलना करून घासाघीस करणारे लोक भेटतात. त्यांना तळ्यावर नेऊच नये. जायचं तर दसरा उलटल्यावर, उन्हाळ्यात पाणी खाली जाण्याआधी. जून ते ऑगस्ट मासळी विणीची असते. त्या दिवसांत जाणता ढिवर तुम्हाला नेणार नाही, आणि नेतो म्हणणाऱ्याबरोबर जाऊ नये.