सेंट अँड्र्यूजचा ‘ओल्ड कोर्स’: जाण्यापूर्वी हे वाचा

जमीन कोणाची? स्कॉटलंडच्या पूर्व किनाऱ्यावरचे हे गोल्फचे मैदान सार्वजनिक आहे. एखाद्या गावाचे गायरान असावे, तसे ते साऱ्या शहराचे. १५५२ च्या सनदेने इथे ससे पाळण्याबरोबरच नगरवासीयांचा गोल्फ खेळण्याचा हक्कही मान्य झाला.

लिंक्स म्हणजे काय? ओल्ड कोर्स ज्या जमिनीवर आहे ती: समुद्र आणि शेतजमीन यांच्यामधली वाळूची, उंचसखल पट्टी. पाणी चटकन मुरते, जमीन टणक राहते आणि पडलेला चेंडू लांबवर घरंगळतो. झाडांचा आडोसा नाही. त्यामुळे वाऱ्यात चेंडू जमिनीलगत ठेवणाऱ्याचाच निभाव लागतो.

अठराचे मूळ: १७६४ मध्ये इथले २२ होल १८ झाले. पुढे जगभर तोच आकडा रूढ झाला.

रचना: बंकर ११२. सात ग्रीन प्रत्येकी दोन होलना सामाईक आहेत. जोडीतल्या क्रमांकांची बेरीज नेहमी १८ येते: दुसरा-सोळावा, तिसरा-पंधरावा.

स्विल्कन पूल: अठराव्या होलवरचा छोटा दगडी पूल. मुळात तो मेंढपाळांना जनावरे ओढ्यापार नेता यावीत म्हणून बांधला गेला.

पुण्याचा धागा: पुण्यात जन्मलेला गोल्फपटू अनिर्बान लाहिरी २०१५ ची ओपन स्पर्धा इथेच खेळला.

खेळायचे असेल तर: बाहेरच्यांनाही प्रवेश आहे. आगाऊ आरक्षण करा किंवा सोडतीत नाव द्या. हँडिकॅपचा दाखला सोबत ठेवा. मोठ्या स्पर्धा वगळता रविवारी खेळ बंद असतो. त्या दिवशी मैदानावर कोणीही विनाशुल्क फिरू शकते. खेळता येत नसले तरी ही संधी जरूर घ्या.