सुईचा मुका मार

मार लागला पण रक्त बाहेर आले नाही, तर त्याला आपण ‘मुका मार’ म्हणतो. त्वचा शाबूत राहते, आत मात्र रक्त साकळते आणि वरून काळानिळा डाग दिसू लागतो. आजकाल असा मुका मार काही जण पैसे मोजून चेहऱ्यावर घेतात. ओठ भरलेले दिसावेत, गालांचा किंवा डोळ्यांखालचा खळगा बुजावा, म्हणून त्वचेखाली जेलसारखा पदार्थ टोचतात. त्याला ‘फिलर’ म्हणतात. या उपचाराने डाग का पडतो, तो कसा टाळावा आणि कोणता डाग साधा समजू नये, एवढेच येथे पाहावयाचे आहे.

ही हौस नवी नव्हे. १८९३ मध्ये नॉयबर या जर्मन शल्यविशारदाने रुग्णाच्याच शरीरातील चरबी काढून चेहऱ्यावरील खळगे भरले होते. पुढे पॅराफिन टोचण्याची टूम निघाली. पण त्याच्या गाठी होऊ लागल्याने ती मागे पडली. १९८१ मध्ये गुरांच्या कातडीपासून केलेल्या कोलॅजेनला अमेरिकेत मान्यता मिळाली. आज मुख्यतः हायल्युरॉनिक आम्लाचे जेल वापरतात. मायर व पामर यांनी १९३४ मध्ये हे द्रव्य गाईच्या डोळ्यातून वेगळे केले. ते आपल्या त्वचेतही असते.

आता डागाकडे वळू. चेहऱ्याच्या त्वचेखाली रोहिणी, नीला आणि केशवाहिन्या यांचे दाट जाळे असते. त्यात सुई शिरली की एखादी बारीक वाहिनी फुटायचीच. बाहेर आलेले रक्त आधी तांबडे, मग निळे-जांभळे दिसते. त्यातील रंगद्रव्याचे विघटन होऊ लागले की हिरवट आणि नंतर पिवळी छटा येते. साधारण एक ते दोन आठवड्यांत सारे नाहीसे होते. ओठ आणि डोळ्यांखालची त्वचा नाजूक असल्याने तेथे डाग लवकर पडतो.

डाग टाळण्याची तयारी आधीपासून करावी लागते. ॲस्पिरिनमुळे रक्तातील प्लेटलेट्स एकमेकांना चिकटेनाशा होतात, आणि त्यांचे आयुष्य संपेपर्यंत, म्हणजे सात ते दहा दिवस, हा परिणाम टिकतो. आयबुप्रोफेनसारख्या वेदनाशामक गोळ्या, माशाच्या तेलाच्या किंवा ‘ई’ जीवनसत्त्वाच्या गोळ्या आणि मद्य यांनीही रक्तस्राव वाढू शकतो. म्हणून आपण काय काय घेतो ते सर्व डॉक्टरांना आधीच सांगावे. मात्र हृदयविकारासाठी किंवा पक्षाघात टाळण्यासाठी दिलेले औषध स्वतःच्या मनाने कधीही बंद करू नये. चेहऱ्यावरच्या डागापायी जीव धोक्यात घालणे हा शहाणपणा नव्हे. आणखी एक साधी गोष्ट : लग्न किंवा स्नेहसंमेलन चार दिवसांवर आले असता हा उपचार करून घेऊ नये, निदान दोन आठवडे हाताशी ठेवावेत.

टोचताना कौशल्य डॉक्टरांचे. थोडे थोडे द्रव्य सावकाश सोडणे, कमीत कमी ठिकाणी टोचणे आणि जागेनुसार बोथट टोकाची नळी वापरणे, यांमुळे डाग कमी पडतात. नंतर डॉक्टर सांगतील तसा हलका दाब द्यावा. फडक्यात गुंडाळलेला बर्फ थोडा थोडा वेळ लावावा. नुसता बर्फ त्वचेवर धरू नये. एक-दोन दिवस जोराचा व्यायाम, वाफारा आणि मद्य वर्ज्य करावे. रात्री उशी थोडी उंच घ्यावी. चेहरा चोळू नये. अर्निकाचा पुष्कळ बोलबाला आहे, पण त्याविषयीचे पुरावे एकमेकांशी जुळत नाहीत.

एवढी काळजी घेऊनही डाग पडला तर घाबरण्याचे कारण नाही. भीती वेगळ्याच गोष्टीची आहे. फिलर चुकून रोहिणीत शिरला, किंवा तिच्यावर त्याचा दाब पडला, तर पुढच्या भागाचा रक्तपुरवठा तुटतो. त्वचा एकदम पांढरी पडणे, वाढत जाणारी तीव्र वेदना, जाळीसारखा निळसर नक्षीदार डाग आणि बोटाने दाबून सोडल्यावर रंग परत यायला लागणारा उशीर, ही त्याची लक्षणे. मात्र वेदना नसली तरी धोका नाही असे समजू नये. नाक आणि भुवयांमधील वाहिन्यांचा डोळ्याच्या रोहिणीशी संबंध असल्याने दृष्टीही जाऊ शकते. अशा वेळी एक तासही वाट पाहू नये. हायल्युरॉनिक आम्लाचे जेल विरघळवणारे हायल्युरॉनिडेज नावाचे विकर उपलब्ध आहे. पण ते वेळेवर दिले तरच उपयोग. दृष्टी अंधुक झाली तर तडक मोठ्या रुग्णालयात नेत्रतज्ज्ञांकडे जावे. म्हणूनच हे काम ब्यूटी पार्लरचे नव्हे. ज्या डॉक्टरांना या कामाचे शिक्षण आहे आणि ज्यांच्याकडे ते विकर हाताशी आहे, त्यांच्याकडेच जावे.

हा उपचार अनेक जण घरच्यांपासून लपवून करून घेतात, आणि खरा धोका तेथेच वाढतो. रात्री दुखू लागले, तरी ‘उपचाराचा डाग आहे, उतरेल’ अशी मनाची समजूत घालून सकाळपर्यंत थांबले जाते. सुंदर दिसण्याची इच्छा हा काही अपराध नाही. उपचार केलाच, तर घरातील किंवा वसतिगृहातील एका तरी माणसाला सांगून ठेवावे, आणि डॉक्टरांचा दूरध्वनी क्रमांक त्याच्याजवळ द्यावा. मार मुका असला, तरी आपण मुके राहू नये.