फोटोत चौदा जण, नावं अकरा : जुन्या स्काउटांच्या आठवणी कशा गोळा करायच्या?

हिंगोली जिल्ह्यातल्या आमच्या शाळेच्या स्काउट-गाइड पथकाचा इतिहास वेबसाइटवर मांडायचं काम मी आणि माझे दोन मित्र करतोय. त्यातून जे शिकलो, ते आज सांगतो.

आधी आम्ही माजी विद्यार्थ्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकलं, ‘आठवणी पाठवा.’ अंगठे आले चाळीस, आठवणी दोन! चूक आमचीच. मग नेमकं विचारलं. पहिल्या शिबिरात तंबू कुणी ठोकला? खरी कमाईला काय काम केलं, किती पैसे मिळाले? शेकोटीला कोण गायचं? लगेच व्हॉइस नोट्स सुरू झाल्या.

फोटो मागताना ‘डॉक्युमेंट म्हणून पाठवा’ असं सांगा, नाहीतर व्हॉट्सॲप तो दाबून बारीक करतं. आणि मागची बाजूही मागा. नावं, तारखा तिथंच लिहिलेल्या असतात.

आता कागदाचं वय. प्रमाणपत्रावर ‘जिल्हा परभणी’ दिसलं तर दचकू नका. हिंगोली जिल्हा झाला 1 मे 1999 ला. त्याआधी वसमत, कळमनुरीची पोरं परभणी जिल्ह्यातलीच. भारत स्काउट्स आणि गाइड्स ही संस्था 7 नोव्हेंबर 1950 ची, म्हणजे ते नाव असलेला कागद त्यानंतरचा. ‘मुंबई राज्य’ छापलं असेल, तर आपल्या मराठवाड्यासाठी तो काळ 1956 ते 1960. निजामाच्या काळातला कागद उर्दूत असू शकतो आणि साल फसली. त्यात 590 मिळवा. 1350 फसली म्हणजे साधारण 1940-41. फक्त जुने छापील कागद नंतरही वापरलेले असू शकतात, म्हणून हातानं लिहिलेली तारीखही बघा.

दोघांच्या आठवणी जुळल्या नाहीत तर? एक काका म्हणतात पाणपोई 1972 च्या दुष्काळात चालवली, दुसरे म्हणतात पुढच्या वर्षी. आम्ही दोन्ही लिहिलं, कोण काय म्हणालं त्यासकट.

सगळ्यात मोठी चूक मात्र उशिरा कळली. आमच्या यादीत गाइड मुली जवळजवळ नव्हत्याच. लग्नानंतर आडनाव बदललं, गाव बदललं, आमचा शोध तिथंच थांबला. मग रजिस्टरमधली माहेरची नावं घेऊन त्यांच्या भावांना, मैत्रिणींना फोन लावले. एक ताई म्हणाल्या, “इतक्या वर्षांत मला कुणी विचारलंच नाही रे!”

छापण्याआधी प्रत्येकाची परवानगी घ्या, फोन नंबर आणि पत्ते झाकून टाका.

शेवटी आमच्या म्हाताऱ्या स्काउट मास्तरांकडं गेलो. एका फोटोत चौदा जण. सरांनी बोट ठेवत अकरा नावं सांगितली आणि थांबले. “दहा वर्षांपूर्वी यायला पाहिजे होतं तुम्ही,” एवढंच म्हणाले. त्या तीन जागा आम्ही वेबसाइटवर रिकाम्या ठेवल्यात. अंदाजानं नाव घातलं नाही.

तुमच्या घरात कुणी जुने स्काउट असतील, तर फोनमधला रेकॉर्डर आजच चालू करा. भेटू पुढच्या भागात!