नित्य निषेध आणि नैमित्तिक निषेध : वाहने हटविण्याच्या सूचनांचे भाषिक स्वरूप

१. प्रश्नाचे स्वरूप

नागपूरच्या आग्नेय भागातील सक्करदरा हा परिसर तेथील तलाव, उमरेड मार्ग व बुधवारचा बाजार ह्यांमुळे सर्वांच्या परिचयाचा आहे. तेथे हिवाळ्यात थंडी कडाक्याची पडते. २९ डिसेंबर २०१८ रोजी नागपूरचे किमान तापमान ३.५ अंश सेल्सिअसपर्यंत उतरले होते. परंतु बर्फ तेथे पडत नाही. त्यामुळे उत्तर अमेरिकेतील शहरांत बर्फ काढण्यासाठी रस्त्यावर वाहने उभी करण्यास जी हंगामी मनाई केली जाते, तिचा सक्करदऱ्याशी काय संबंध, असे प्रथमदर्शनी वाटणे स्वाभाविक आहे. तथापि थोडा विचार केला असता दोन्ही ठिकाणचा मूळ प्रश्न एकच आहे असे दिसून येते. रस्त्याच्या कडेस उभे असलेले वाहन काही ठराविक काळापुरते तेथून हलल्याखेरीज रस्ता साफ होऊ शकत नाही, आणि वाहनाचा धनी त्या वेळी तेथे हजर नसतो. मग त्या अनुपस्थित माणसास ‘कोठे’, ‘केव्हा’ आणि ‘का’ ह्या तीन गोष्टी कोणत्या भाषेत व कोणत्या मार्गाने कळवावयाच्या? बर्फाच्या जागी बाजार उठल्यावर उरलेला पालापाचोळा, पावसाळ्यापूर्वी उपसावयाची गटारे किंवा मिरवणुकीचा मार्ग घातला, तरी प्रश्नाचे स्वरूप बदलत नाही.

हिमप्रदेशातील शहरांत हा प्रश्न अधिक तीव्र होण्याचे कारण यांत्रिक आहे. पुढे मोठे पाते लावलेले वाहन रस्त्यावरील बर्फ कडेला लोटीत जाते. कडेस मोटार उभी असेल तर पात्याला तिला वळसा घालावा लागतो. मोटारीच्या पुढचा-मागचा बर्फ तेथेच राहतो आणि लोटलेल्या बर्फाचा बांध तिच्या अंगावर चढतो. हा बर्फ पुढे गोठून घट्ट होतो आणि पुढील प्रत्येक हिमवर्षावाबरोबर रस्ता अधिकाधिक अरुंद होत जातो. अखेर अग्निशामक बंब व रुग्णवाहिका ह्यांनाही वाट उरत नाही. एका माणसाने न वाचलेली किंवा चुकीची वाचलेली सूचना अशा रीतीने सबंध गल्लीस भोवते. यास्तव सूचनेची भाषा हा केवळ शैलीचा प्रश्न राहत नाही.

२. नित्य व नैमित्तिक

मीमांसकांनी कर्मांचे नित्य, नैमित्तिक व काम्य असे भेद मानले. जे नियत काळी करावयाचेच ते नित्य. जे एखादे निमित्त घडले असता करावयाचे ते नैमित्तिक. हा भेद मुळात कर्तव्य कर्मांचा आहे. परंतु प्रस्तुत विषयातील निषेधांस तो लावला असता त्यांची रचना चांगली उलगडते.

शिकागो शहर ह्याचे उत्तम उदाहरण होय. तेथे दोन प्रकारची हिवाळी मनाई आहे. पहिलीनुसार १ डिसेंबर ते १ एप्रिल ह्या काळात सुमारे १०७ मैल लांबीच्या प्रमुख रस्त्यांवर पहाटे ३ ते ७ ह्या वेळात वाहन उभे करता येत नाही. त्या रात्री बर्फ पडला आहे किंवा नाही ह्याच्याशी ह्या मनाईचा काहीही संबंध नाही. आकाश निरभ्र असले तरी ती लागू असतेच. हा नित्य निषेध होय. दुसरी मनाई आणखी सुमारे ५०० मैल रस्त्यांवर असून रस्त्यावर २ इंच बर्फ साचल्यावरच ती अंमलात येऊ शकते. हा नैमित्तिक निषेध होय.

दोहोंच्या फलकांतील भाषिक फरक लक्षणीय आहे. नित्य निषेधाचा फलक स्वयंपूर्ण असतो. वाचकाजवळ दिनदर्शिका आणि घड्याळ असले म्हणजे पुरे. नैमित्तिक निषेधाचा फलक मात्र केवळ ‘जर–तर’ वाक्याचा साचा उभा करतो. त्यातील ‘जर’ खरा झाला किंवा नाही हे फलक सांगू शकत नाही. ते अन्य मार्गाने कळावे लागते. बर्फ दोन इंच झाला की दीड, हे झोपलेल्या माणसाने कसे ठरवावे? नित्य निषेध सोपा पण अनेकदा निष्कारण जाचक, आणि नैमित्तिक निषेध न्याय्य पण कळण्यास कठीण, अशी ही अडचण आहे.

शिकागोच्या इतिहासात ह्या अडचणीची किंमत मोजली गेली आहे. जानेवारी १९६७ मध्ये तेथे एकाच वादळात २३ इंच बर्फ पडला व हजारो वाहने रस्त्यांतच अडकून पडली. जानेवारी १९७९ मधील हिमवादळाच्या वेळी लोकांनी आपल्या मोटारी रस्त्यांवरून काढून शाळांच्या आवारांतील साफ केलेल्या जागी न्याव्यात, असे महापौर मायकेल बिलँडिक ह्यांनी सांगितले. प्रत्यक्षात त्या जागा साफ झालेल्या नाहीत असे लोकांना आढळले. फेब्रुवारीतील पक्षांतर्गत निवडणुकीत जेन बर्न ह्यांनी त्यांचा पराभव केला, आणि त्या पराभवाचे एक प्रमुख कारण म्हणून बर्फाचा उल्लेख आजही होतो. ‘येथे उभे करू नका’ ह्या निषेधामागे ‘तेथे उभे करा’ हा विधी गृहीत असतो, आणि तो विधी खोटा ठरला तर निषेधही आपले बळ गमावतो, हा त्यातील भाषिक बोध होय.

३. ‘सम’ आणि ‘विषम’ : विशेष्य कोणते?

कालबद्ध मनाईत ‘सम’ व ‘विषम’ ही विशेषणे वारंवार येतात. ती निःसंदिग्ध वाटतात. परंतु त्यांचे विशेष्य बहुधा अध्याहृत असते आणि घोटाळा तेथेच होतो. पुण्यासारख्या महाराष्ट्रातील शहरांत ‘पी १’ व ‘पी २’ असे फलक दिसतात. तेथे विषम किंवा सम असते ती तारीख. अमेरिकेतील मिनियापोलिस शहरात हिमसंकट जाहीर झाले म्हणजे पहिल्या रात्री ९ पासून सकाळी ८ पर्यंत ठरलेल्या प्रमुख मार्गांच्या दोन्ही बाजू मोकळ्या ठेवाव्या लागतात. दुसऱ्या दिवशी इतर रस्त्यांची सम बाजू आणि तिसऱ्या दिवशी विषम बाजू. येथे सम किंवा विषम असतो तो घराचा क्रमांक. दिल्लीत १ ते १५ जानेवारी २०१६ ह्या काळात प्रथम राबविलेल्या सम-विषम योजनेत हे विशेषण वाहनाच्या नोंदणीक्रमांकास लागत होते. म्हणजे शब्द तेच, विशेष्ये तीन. ज्याने दिल्लीचा अर्थ मनात धरून पुण्याचा फलक वाचला, तो अशिक्षित नसूनही चुकणारच.

ह्याहून सूक्ष्म भेद निषेध आणि अनुज्ञा ह्यांचा आहे. ‘पी १’ फलकाचा अर्थ ‘विषम तारखेस येथे वाहन उभे करता येईल’ असा अनुज्ञावाचक आहे. उलट १९६८ च्या व्हिएन्ना करारातील मार्गचिन्हांत एक उभी रेघ असलेले गोल चिन्ह ‘विषम तारखेस मनाई’ असे सांगते. दोहोंत सूचक अंक एकच, पण अर्थ परस्परविरुद्ध. परदेशात वाहन चालविलेल्या मराठी माणसास हा फरक कोणी समजावून दिला नाही, तर तो चुकीच्या दिवशी चुकीच्या बाजूस उभा राहील.

तारखांच्या सम-विषमतेत आणखी एक दोष आहे. ३१ तारखेनंतर १ तारीख येते व दोन्ही विषम असतात. असे वर्षातून सात वेळा घडते आणि लीप वर्षात २९ फेब्रुवारीमुळे आठ वेळा. त्या सांध्यावर वाहनांची बाजू पालटत नाही. म्हणून जी बाजू दुसऱ्या दिवशी साफ व्हावयाची ती एक दिवस तशीच राहते.

४. ‘बुधवारी रात्री’ म्हणजे केव्हा?

उदाहरणादाखल एक वाक्य कल्पू : ‘बुधवारी रात्री १ वाजल्यापासून रस्ता-सफाईसाठी येथे वाहने उभी करू नयेत.’ बाजारकरी, रिक्षाचालक किंवा दुकानदार हे वाक्य वाचील तेव्हा त्याच्या मनात बुधवार मावळल्यानंतरची रात्र येईल. कारण मराठी बोलीव्यवहारात वार उजाडतो. तो मध्यरात्री बदलत नाही. पंचांगातील वारही सूर्योदयापासून सूर्योदयापर्यंत मोजला जातो. कार्यालयीन घड्याळाप्रमाणे मात्र बुधवार मंगळवारच्या मध्यरात्रीसच सुरू झालेला असतो. दोन अर्थांत बरोबर चोवीस तासांचे अंतर पडते. एका अर्थाने बाजार भरण्यापूर्वी रस्ता रिकामा हवा, दुसऱ्या अर्थाने तो उठल्यावर.

इंग्रजीतील घड्याळी संकेताहून मराठीत एक सोय अधिक आहे. ‘पहाट’ हा शब्द पुढच्या दिवसाशी जोडलेला आहे. ‘गुरुवारी पहाटे ३ ते ७’ असे म्हटले असता कोणताही मराठी भाषक गोंधळत नाही. ‘बुधवारी रात्री ३ ते ७’ म्हटले की गोंधळ होतो. मध्यरात्र ते पहाट ह्यांमधील काळासाठी ‘बुधवार व गुरुवार ह्यांमधील रात्र’ असे दोन्ही वार सांगणे हाच निर्दोष मार्ग होय.

५. निषेधाचे नाम बनते तेव्हा

‘वाहने उभी करू नयेत’ ह्या वाक्यात नकार क्रियापदास लागतो. व्याकरण व मीमांसा ह्यांच्या परिभाषेत हा प्रसज्यप्रतिषेध होय. ‘बुधवारेतर दिवशी येथे वाहने उभी करावीत’ ह्यात नकार नामास लागून केवळ व्यावृत्ती दाखवितो. हा पर्युदास होय. पहिले वाक्य बुधवारची मनाई स्पष्टपणे उच्चारते. दुसरे इतर दिवसांची अनुज्ञा उच्चारते आणि बुधवारची मनाई वाचकाच्या अनुमानावर सोडते. ‘पी १’ फलक ह्या दुसऱ्या जातीचा आहे. सम तारखेस ज्याचे वाहन उचलले जाते, त्याला दंड होतो तो कोठेही न उच्चारलेल्या वाक्यासाठी.

लोकभाषेत ह्याहून विलक्षण गोष्ट घडली आहे. ‘नो पार्किंग’ हा मुळातील निषेध मराठीत स्थलवाचक नाम बनला आहे. ‘गाडी नो पार्किंगमध्ये लावली’ असे सर्रास बोलले जाते. येथे ‘नो’ मधील नकार विरून गेला आणि ‘मध्ये’ हे शब्दयोगी अव्यय घेऊ शकणारी एक जागा शिल्लक राहिली. जागा ही सदासर्वकाळ जागाच असते. तिला वार नसतो, वेळ नसते. म्हणूनच ‘नो पार्किंग’ हा शब्दप्रयोग कालबद्ध मनाईचे ओझे वाहू शकत नाही. त्याखाली लहान अक्षरांत वेळ लिहिली तरी वाचक ती जागा एक तर कायमची निषिद्ध किंवा, मनाई मोडलेली रोज दिसत असल्यास, कायमची मोकळी समजतो.

६. कायदा, दवंडी आणि ग्रहण

१९८८ च्या मोटार वाहन अधिनियमाच्या कलम ११५ अन्वये वाहनांच्या वापरावर निर्बंध घालता येतात. निर्बंध एक महिन्याहून अधिक नसेल तर राजपत्रातील अधिसूचना आवश्यक नसते. परिस्थितीनुसार शक्य ती स्थानिक प्रसिद्धी मात्र द्यावी लागते. कलम १२७ अन्वये मनाईच्या जागी उभे असलेले वाहन गणवेशातील पोलीस अधिकाऱ्याच्या अनुमतीने उचलून नेता येते व त्याचा खर्च धन्यावर पडतो. म्हणजे अल्पकालीन, नैमित्तिक मनाईचा सर्व भार ‘स्थानिक प्रसिद्धी’ ह्या दोन शब्दांवर आहे. गावगाड्यात ह्याच कामासाठी दवंडी होती. ती निमित्त घडल्याबरोबर, ऐकणाऱ्याच्या दारात व त्याच्या बोलीत पोहोचत असे. कॅनडातील मॉन्ट्रियल शहरात बर्फ उचलण्यापूर्वी वाहने ओढून नेणारी गाडी भोंगा वाजवीत गल्लीतून फिरते. ती दवंडीच होय.

इंग्रज तत्त्वज्ञ जे. एल. ऑस्टिन ह्यांनी १९५५ साली हार्वर्ड येथे दिलेल्या आणि १९६२ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध झालेल्या व्याख्यानांत असे दाखवून दिले की, काही वाक्ये वर्णन करीत नाहीत, तर कृती करतात. आणि ती कृती साधण्यासाठी श्रोत्याकडून तिचे ग्रहण व्हावे लागते. ‘मनाई आहे’ हे अशाच जातीचे वाक्य आहे. ते लिहिले गेले म्हणजे कायदा पुरा झाला असेल; भाषिक कृती तेव्हाच पुरी होते जेव्हा वाहनाच्या धन्यास ते उमगते. ‘वाहने उचलण्यात येतील’ ही कर्त्याचा लोप करणारी कार्यालयीन रचना ग्रहणास साहाय्य करीत नाही. कोण उचलणार, कोठे नेणार, हे तीत सांगितलेलेच नसते, आणि दिवसाच्या कमाईवर जगणाऱ्या रिक्षाचालकास नेमके तेच हवे असते.

२३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे नागपुरात अतिवृष्टी झाली, अंबाझरी तलाव ओसंडला आणि अनेक वस्त्यांत पाणी शिरले. अशा प्रसंगी नैमित्तिक सूचना देण्यास अवधीच नसतो. म्हणून गटारांची तोंडे मोकळी ठेवण्याचे काम पावसाळ्यापूर्वीच्या नित्य निषेधावर सोपविणे युक्त होय. उलट मिरवणुकीसारख्या प्रसंगी निमित्त आधीच ठाऊक असते. तेथे वर्षभर उभा राहणारा फलक निरुपयोगी, आणि आदल्या दिवशीची दवंडी उपयुक्त.

७. समारोप

उपरोक्त विवेचनावरून सूचनेची काही लक्षणे निष्पन्न होतात. नकार क्रियापदास लागलेला असावा. सम-विषमाचे विशेष्य स्पष्ट लिहावे. मध्यरात्रीनंतरच्या काळासाठी ‘पहाट’ व पुढचा वार योजावा. वाहन कोठे न्यावे हे सांगावे. आणि मनाईचे कारण द्यावे. मीमांसकांनी विधीस बळ देणाऱ्या वाक्यांस अर्थवाद म्हटले आणि विधीशी त्यांची एकवाक्यता मानली. ‘गटार उपसावयाचे आहे’ हे तीन शब्द फलकावरील असाच अर्थवाद होत. ते वाचणारा मनुष्य दंडाच्या भयाने नव्हे, तर आपल्याच गल्लीतील पाण्याच्या आठवणीने वाहन हलवितो.