स्तन-पुनर्रचनेची जखम : काळजी शस्त्रक्रियेपूर्वीपासूनच

काढून टाकलेला स्तन पुन्हा घडविण्याची कल्पना नवी नाही. हायडलबर्ग येथील शल्यचिकित्सक व्हिन्सेंझ चेर्नी यांनी १८९५ साली स्तनातील पोकळी रुग्णेच्याच शरीरावरील चरबीच्या गाठीने भरून काढली होती. आज कर्करोगग्रस्त स्त्रीसाठी पोटाच्या किंवा पाठीच्या ऊतींचा अथवा सिलिकॉनच्या रोपणाचा उपयोग करण्यात येतो. शस्त्रक्रिया उत्तम पार पडूनही काही वेळा जखमेची कड काळी पडते, टाके उसवतात, पाणी साचते किंवा पू होतो.

याचे कारण बहुधा रक्तपुरवठ्यात असते. स्तन काढल्यानंतर उरलेली त्वचा पातळ असते व तिला केवळ तिच्यातील सूक्ष्म रक्तवाहिन्यांचाच आधार राहतो. तो अपुरा पडल्यास कड मृत होते. रोपण उघडे पडल्यास ते काढून टाकण्याचीही वेळ येते. याहून गंभीर बाब म्हणजे जखम भरेपर्यंत पुढील किरणोपचार वा केमोथेरपी लांबणीवर पडू शकते.

रक्तवाहिन्या आकुंचित करणारा परिचित पदार्थ म्हणजे तंबाखूतील निकोटिन. म्हणून शस्त्रक्रियेपूर्वी किमान चार आठवडे आणि जखम भरून येईपर्यंत तंबाखू पूर्णपणे वर्ज्य करण्यास सांगितले जाते. महाराष्ट्रात येथेच एक अडचण उद्भवते. ‘धूम्रपान करता का?’ या प्रश्नाला आपल्याकडील बहुतेक स्त्रिया ‘नाही’ असेच उत्तर देतात, आणि ते खरेही असते. परंतु त्यांतील कित्येकजणी रोज सकाळी मिश्री लावतात. तव्यावर भाजून कुटलेली ही काळी पूड तंबाखूचीच असली, तरी अनेक घरांत तिला दंतमंजनच समजले जाते. प्रश्न मिश्रीचे नाव घेऊनच विचारला गेला पाहिजे. तो गावातील आशा कार्यकर्तीने किंवा शिक्षिकेने विचारल्यास संकोचही कमी होतो.

मधुमेह असल्यास रक्तातील साखर आधीच आटोक्यात आणावी लागते. स्थूल स्त्रियांत व पूर्वी किरणोपचार झालेल्या त्वचेवर धोका अधिक असतो; त्यामुळे पुनर्रचना लगेच करावी की काही महिन्यांनी, याचा निर्णय तज्ज्ञ रुग्णेशी विचारविनिमय करून घेतात. घाई नेहमीच हिताची नसते.

घरी परतताना अनेकींच्या अंगावर साचलेला द्राव बाहेर काढणारी नळी असते. त्या द्रावाचे माप दररोज लिहून ठेवावे. नळी केव्हा काढायची ते त्यावरून ठरते. जखमेवर हळद, राख वा झाडपाला लावू नये. दुखऱ्या जागी शेक देण्याची आपल्याकडील प्रथा तर येथे विशेष घातक ठरते. पुनर्रचित भागाला संवेदना फारशी नसते. गरम पाण्याच्या पिशवीने कातडी भाजली, तरी त्या स्त्रीला ते कळतही नाही. लाली वाढणे, दुर्गंधी, ताप किंवा कड काळवंडणे यांपैकी काहीही दिसल्यास दिलेल्या तारखेची वाट न पाहता रुग्णालय गाठावे.