तुकूम : एका गोंड राजाचा जलकायदा

तिरोडा तालुक्यांतील बोदलकसा येथें टेकड्यांच्या कुशींत पसरलेला विस्तीर्ण तलाव पाहणारास तो निसर्गाचीच कृति वाटतो. वस्तुतः विसाव्या शतकाच्या आरंभीं, इंग्रजी अमदानींत, पाळ घालून तो बांधला गेला. परंतु पाणी अडविण्याची विद्या या प्रदेशास इंग्रजांनीं शिकविली नाहीं. भंडारा, गोंदिया व चांदा या भाताच्या मुलुखांत त्यापूर्वींचे शेंकडों तलाव आहेत. ते निर्माण कसे झाले?

येथें पाऊस भरपूर पडतो; पण भाद्रपद-आश्विनांत त्यानें पाठ फिरविली, म्हणजे भाताचा तोंडाशीं आलेला घास जातो. त्या एका पाण्यासाठीं तलाव हवा. पण पाळ घालण्यास श्रम व द्रव्य फार लागतें, आणि फळ उशिरां मिळतें. ज्याला जमिनीचा भरंवसा नाहीं, तो हा खटाटोप कां करील?

चांद्याचा गोंड राजा हीरशहा यानें या प्रश्नास एका आज्ञेनें उत्तर दिलें, असें परंपरा सांगते. जो जंगल तोडून जमीन वहितीस आणील, त्यास तिचा हक्क. आणि जो तलाव बांधील, त्यास त्याच्या पाण्यानें जेवढी जमीन भिजेल तेवढी इनाम. अशा इनामास तुकूम म्हणत. चंद्रपूर शहराचा एक भाग व जिल्ह्यांतील कांहीं गांवें आजहि तें नांव धारण करितात.

या आज्ञेंत मोजणीदाराचें काम पाण्यानेंच केलें. पाळ जितकी भक्कम, तितकें इनाम मोठें. ती खचली तर नुकसान बांधणाराचेंच. त्यामुळें डागडुजीसाठीं राजास पहारा ठेवावा लागला नाहीं. तलाव बांधण्यांत निष्णात अशा कोहळी समाजाची या प्रदेशांत जी भरभराट झाली, तिचें बीज अशाच राजनीतींत आहे.

इंग्लंडांत वेसेक्सचा राजा ईना (इ. स. ६८८ ते ७२६) यानेंहि जमिनीसंबंधीं कायदे केले. वीस हाइड जमीन सोडून जाणाऱ्या सरदारानें त्यांपैकीं बारा हाइड पेरलेली दाखविली पाहिजे, असा त्याचा एक नियम होता. वहितीची जमीन हेंच राज्याचें धन, हें दोघांनींहि ओळखलें होतें. मात्र ईनाचा नियम हिशेब मागतो. हीरशहाची आज्ञा बक्षीस देते.

१९५० च्या कायद्यानें मध्यप्रदेशांतील मालगुजारी नष्ट झाली. कुळांस न्याय मिळाला, तें योग्यच झालें. पण मालगुजारांचे तलावहि सरकारजमा झाले. दर उन्हाळ्यांत पाळीवर माती टाकणारा, ज्याचें पोट त्या पाळीवर होतें, तो धनी उरला नाहीं, आणि कित्येक तलाव गाळानें भरत गेले. गाळ यंत्रानें निघेल. परंतु तलाव राखण्यांत ज्याचें हित आहे असा मनुष्य यंत्र देऊं शकत नाहीं. तो निर्माण करणें हें कायद्याचें काम आहे, आणि हीरशहाच्या आज्ञेनें तेंच साधलें होतें.